डॉक्टरांची परीक्षा आणि आपण

(पेण आणि रोहा तालुक्यांतील महिला गटांच्या एकत्रित आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजच्या शिबिरात कशावर बोलायचे याची गटात चर्चा झाली, तेव्हा रक्तक्षय, पाळीचे त्रास, पिशवी काढण्याची ऑपरेशने असे पुष्कळ विषय निघाले. मी सुचवलेला विषय ऐकून दोघीतिघी हसल्या. मोठे डॉक्टर कसे शिकतात आणि त्यांची परीक्षा कशी होते, याच्याशी आपला काय संबंध, असे त्यांचे म्हणणे पडले. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

संबंध असा, की ते आपल्या शरीरावर शिकतात. आणि शिकून झाल्यावर त्यांची जी परीक्षा होते, तिच्यात आपल्याला कोणी काही विचारत नाही.

पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून अडलेल्या बाईला 'पुढे' पाठवतात. पुढे म्हणजे अलिबाग, नाहीतर पनवेल, नाहीतर थेट मुंबई. वाडीवरून झोळी करून रस्त्यापर्यंत आणलेली बाई, मग १०८ ची गाडी, मग हायवेवरचे खड्डे. ती मुंबईच्या एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचते तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. तिथे तिला पहिला हात लावणारा डॉक्टर बहुतेक वेळा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. पाटीवर ज्यांचे नाव असते ते मोठे डॉक्टर सकाळी राउंडला येतात. रात्र काढतात ते हे निवासी डॉक्टर, ज्यांना रेसिडेंट म्हणतात.

हे कोण असतात? साडेचार वर्षे एमबीबीएसचा अभ्यास, मग एक वर्ष इंटर्नशिप, इतके झाले की डॉक्टर होता येते. पण स्त्रीरोग, बालरोग, शस्त्रक्रिया, भूल अशा एखाद्या विषयातले तज्ज्ञ व्हायचे तर पुढे नीट-पीजी नावाची देशभरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि एमडी किंवा एमएससाठी तीन वर्षे रुग्णालयात राहून काम करावे लागते. म्हणून निवासी. ते विद्यार्थी असतात, फी भरतात. आणि कामगारही असतात, विद्यावेतन घेतात. मोठी सरकारी रुग्णालये त्यांच्या जिवावर चालतात. ते संपावर गेले की ओपीडी ओस पडते आणि ठरलेली ऑपरेशने पुढे ढकलली जातात, हे आपण अनेकदा पाहिले आहे.

त्यांच्या शिक्षणाचे नियम पूर्वी भारतीय वैद्यकीय परिषद करीत असे. सप्टेंबर २०२० पासून ते काम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग करतो. आपल्या राज्यात परीक्षा घेते ते नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ साली स्थापन झालेले. आपल्या जिल्ह्यातही अलिबागला २०२१-२२ पासून शंभर जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. म्हणजे शिकणारे डॉक्टर ही आता फक्त मुंबईची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयाचे आता शिकवण्याचे रुग्णालय झाले आहे.

आता परीक्षेकडे येऊ. तीन वर्षांच्या शेवटी चार लेखी पेपर असतात. प्रात्यक्षिक असते, तोंडी परीक्षा असते. परीक्षक किमान चार, त्यांतले निम्मे बाहेरचे. त्याआधी एक प्रबंध लिहून तो मान्य करून घ्यावा लागतो. हजेरी शेकडा ऐंशी लागते. कोणती ऑपरेशने पाहिली, कोणत्यांत मदत केली, कोणती स्वतः केली याची नोंद लॉगबुकात ठेवावी लागते. शिवाय संशोधनाची पद्धत, वैद्यकीय नीती आणि बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करण्याचे कौशल्य, असे तीन छोटे अभ्यासक्रम सक्तीचे आहेत.

यातले काहीच फुकाचे नाही. ज्याचा हात तयार नाही त्याच्या हाती सुरी देऊ नये, याबद्दल आपले दुमत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. शाळेत जाणारे कोणतेही पोर तुम्हाला सांगेल की जे परीक्षेला येते तेच पोरे वाचतात. गुण नसलेला धडा कोणी उघडत नाही. डॉक्टरही माणसेच आहेत. तीन वर्षे रात्रंदिवस राबणारी मुलगी, जे मोजले जाणार आहे त्याच्याकडे आधी पाहणार. म्हणून आपण विचारायला हवे, की काय मोजले जाते?

आपल्या गटातल्या एका बाईचा अनुभव सांगते. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी ही बाई पोटात गोळा आहे म्हणून एका मोठ्या रुग्णालयात गेली होती. तिला सांगितले, 'मंगळवारी या, मोठमोठे डॉक्टर बघणार आहेत.' तिला बरे वाटले. मंगळवारी गेली तर एका खोलीत आणखी पाच-सहा बायांबरोबर तिला झोपवले. एक मुलगा आला, त्याने पोट तपासले, पाऊण तास प्रश्न विचारले. मग चार मोठे डॉक्टर आले. त्यांनी त्या मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारले, त्याने इंग्रजीत उत्तरे दिली. त्यांतल्या दोघांनी पुन्हा पोट दाबून पाहिले. मग सगळे पुढच्या खाटेकडे गेले. हिला गाडीभाडे आणि जेवण मिळाले. ती त्या मुलाची अंतिम परीक्षा होती आणि ही बाई त्याची 'केस' होती. तो पास झाला की नाही ते तिला ठाऊक नाही. पण घरी येताना आपल्या पोटात काय आहे, हेही तिला कळलेले नव्हते.

ती तक्रार करीत नव्हती. तपासायला चार-चार डॉक्टर आले, याचे तिला कौतुकच वाटत होते. मला खटकते ते हे, की त्या चार परीक्षकांपैकी एकालाही असे म्हणावेसे वाटले नाही, 'आता हे सगळे या बाईंना मराठीत समजावून सांग, आम्ही ऐकतो.' तेवढे म्हटले असते तर त्या मुलाची खरी परीक्षा झाली असती, आणि तिलाही तिचा आजार कळला असता.

सरकारी नियमांत याचा विचार अगदीच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. निवासी डॉक्टरांचे शिक्षकांनी वेळोवेळी मूल्यमापन करावे यासाठी आयोगाच्या अभ्यासक्रमांना एक छापील नमुना जोडलेला असतो. आधीच्या नमुन्यात सात बाबी होत्या. नियतकालिकांचे वाचन, स्वतःचा अभ्यास, विभागातली चर्चासत्रे, बाहेरचे कार्यक्रम, प्रबंध, लॉगबुक, आणि या सगळ्यांत रुग्णावर आधारित शिक्षण ही एक बाब. एक ते नऊ गुण द्यायचे. चारच्या खाली गेले तर सुधारणेचा उपाय सुचवायचा. अलीकडच्या अभ्यासक्रमांत नमुना बदलला. रुग्णाशी आणि नातेवाइकांशी नीट, सहानुभूतीने बोलता येते का, बाकीच्या कर्मचाऱ्यांबरोबर काम करता येते का, वागणे कायम नीतीला धरून आणि आदराचे असते का, असे रकाने त्यात आले. हा बदल चांगला आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे.

पण त्या कागदाच्या तळाशी सह्या दोनच. एक शिकवणाऱ्याची, एक शिकणाऱ्याची. आता सांगा, रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये कातकरी बाईशी तो डॉक्टर कसा बोलला, हे शिकवणाऱ्याला कसे कळणार? ते तर घरी झोपलेले असतात. ते ठाऊक असते ड्यूटीवरच्या सिस्टरला, मावशीला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला आणि जिच्याशी तो बोलला तिला. या चौघींपैकी एकीलाही त्या कागदावर जागा नाही. रकाना आला, पण तो भरणारा हात जुनाच राहिला.

लेबर रूममध्ये काय होते ते या सभेत कोणी कोणाला सांगायची गरज नाही. 'पाय फाकव', 'ओरडू नको', 'तेव्हा बरं वाटलं होतं ना' ही वाक्ये आपल्यातल्या किती जणींनी ऐकली आहेत? हात वर करा म्हटले तर अर्धी सभा हात वर करील. आतून तपासायला एकामागून एक तिघे-चौघे येतात. पहिल्याची तपासणी उपचाराची असते. पुढच्यांची पुष्कळदा शिकण्याची असते. शिकायला आमचा विरोध नाही. शिकलेच नाहीत तर उद्या आपल्या लेकीसुनांना तपासणार कोण? पण 'मी शिकते आहे, तुमची हरकत नसेल तर तपासू का,' एवढे विचारायला किती वेळ लागतो? विचारले जात नाही, कारण विचारल्याचे गुण नाहीत आणि न विचारल्याचे गुण कापलेही जात नाहीत.

अभ्यासक्रमात काय लिहिले आहे याने आपल्या आयुष्यात किती फरक पडतो, याचे एक उदाहरण आपल्या चळवळीतल्या सगळ्यांना माहीत असायला हवे. बलात्कार झालेल्या बाईची 'दोन बोटांची तपासणी' वर्षानुवर्षे होत आली. ती करणारे डॉक्टर सगळे दुष्ट होते असे नाही. त्यांना पुस्तकात तसेच शिकवले होते, परीक्षेत त्यावर प्रश्न येत होते आणि ते पाठ करून ते पास झाले होते. पुढे कोर्टात बाईच्या चारित्र्यावर चिखल उडवायला तोच अहवाल कामी येई.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे डॉक्टर इंद्रजित खांडेकर यांनी या तपासणीतले दोष अहवाल लिहून पुढे आणले. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका झाली. मुंबईच्या सेहत संस्थेनेही या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. ही तपासणी बाईच्या हक्कांचा भंग करते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तपासणीची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरीही पुस्तकात कौमार्याच्या खुणा होत्याच. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून काढला तो २०१९ साली. आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, की ही तपासणी करणाऱ्याला गैरवर्तणुकीबद्दल दोषी धरले जाईल आणि वैद्यकीय अभ्यासक्रमही तपासून दुरुस्त करावा.

इथे गोष्ट संपली असे वाटेल. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आयोगाने एमबीबीएसची जी नवी मार्गदर्शक पुस्तिका काढली, तिच्यात कौमार्य, योनिपटल असले जुने मुद्दे परत आले होते. ओरड झाली, ५ सप्टेंबरला ती मागे घेतली गेली आणि आठवडाभरात सुधारून पुन्हा काढावी लागली. म्हणजे एकदा मिळवलेले कायमचे मिळाले असे धरून चालत नाही. दिल्लीत छापलेली एक ओळ रोह्याच्या तपासणीच्या टेबलापर्यंत पोचते. त्या ओळीवर आपलीही नजर हवी.

आता दुसरी बाजू पाहू. मघाशी मागून एकीने विचारले, 'ताई, ओरडणारी तर बाईच असते. डॉक्टरीण असून तिला आपलं दुःख कळत नाही, मग बाई डॉक्टर होऊन उपयोग काय?' या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर त्या डॉक्टरणीच्या बाजूला जाऊन उभे राहावे लागेल.

रुग्णालय ही एक उतरंड आहे. सगळ्यात वर विभागप्रमुख, खाली प्राध्यापक, मग व्याख्याते, मग तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, मग दुसऱ्या वर्षाचा, मग पहिल्या वर्षाचा. त्याखाली सिस्टर, मावशी, आणि तळाच्या मडक्याजागी रुग्ण. वरच्याने खालच्यावर ओरडायचे आणि खालच्याने आणखी खाली. पहिल्या वर्षाच्या मुलीला ऑपरेशनला हात लावू द्यायचा की नाही, हे सिनियर ठरवतो. लॉगबुकावर सही कोण करणार? वरचा. प्रबंध कोण मान्य करणार? वरचा. परीक्षेच्या खोलीत कोण बसणार? निम्मे तिच्याच विभागातले वरचे. ज्याच्या हाती तुमचे गुण, त्याच्याविरुद्ध तोंड कसे उघडणार? सासुरवाशिणीला हे समजावून सांगावे लागत नाही.

डॉ. पायल तडवी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल या आदिवासी समाजातली मुलगी. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात स्त्रीरोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला तिने आत्महत्या केली. आदिवासी म्हणून, राखीव जागेवरून आली म्हणून वरिष्ठ छळत होत्या, बाळंतपणे आणि ऑपरेशने करू देत नव्हत्या, असा तिच्या घरच्यांचा आरोप. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा यांखाली गुन्हा नोंदवला गेला. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांनी मागितले ते सगळ्यांच्या लेकरांसाठी. उच्च शिक्षणाच्या संस्थांत जातीवरून होणारा छळ थांबवणारी यंत्रणा असावी, ही त्यांची मागणी.

या आरोपाकडे शिक्षणाच्या बाजूने बघा. शिकू न देणे हीसुद्धा शिक्षा असते. शिकणारीला टेबलापासून दूर ठेवले, तर लॉगबुक रिकामे राहते, हात तयार होत नाही, आणि मग 'हिला जमत नाही' असे म्हणायला सगळे मोकळे. जात आणि बाईपण यांचा हिशोब कोणत्याच गुणपत्रिकेवर लिहिलेला नसतो. तो असा मागल्या दाराने येतो.

कामाच्या तासांचे बघा. १९९२ साली केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी निर्देश काढले. त्यांत आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त काम नको, असे म्हटले होते. पुढे आयोगाच्या २०२३ च्या नियमांत शब्द आला 'रास्त' तास आणि 'रास्त' विश्रांती. रास्त म्हणजे किती, ते कोण ठरवणार? २०२४ साली आयोगानेच नेमलेल्या मानसिक आरोग्याच्या कृती गटाने आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम देऊ नये अशी शिफारस केली. अठ्ठेचाळीसवरून चौऱ्याहत्तरवर येणे हीसुद्धा सुधारणाच वाटावी, यावरून चाललेय काय ते ओळखा. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जिच्यावर बलात्कार करून तिला मारले, ती पदव्युत्तर शिकणारी डॉक्टर लांबलचक ड्यूटीनंतर सेमिनार हॉलमध्ये पाठ टेकायला गेली होती. तिच्यासाठी धड विश्रांतीची खोलीही नव्हती.

अमेरिकेत १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दगावली. थकलेल्या, एकट्या सोडलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या हाती ती होती, म्हणून तिच्या वडिलांनी लढा दिला. आधी न्यूयॉर्कमध्ये आणि २००३ पासून देशभर तिथे तासांवर मर्यादा आली, आठवड्याला ८० तास. ही मर्यादा आणली ती रुग्णाच्या घरच्यांनी केलेल्या हट्टाने. तिथल्या पदव्युत्तर शिक्षणात सहकारी, नर्स आणि रुग्ण यांचे मतही मूल्यमापनात घेतात. इंग्लंडमध्ये तर २०१२ पासून डॉक्टरचा परवाना चालू ठेवायला रुग्णांचे अभिप्राय जोडावे लागतात. म्हणजे ही आपल्या मनची कल्पना नव्हे. दुसरीकडे ती चालू आहे.

म्हणून मघाच्या प्रश्नाचे उत्तर असे, की ओरडणारी डॉक्टरीण बाई आहे, पण ती ज्या साच्यातून निघाली त्यात मऊपणाला गुण नव्हते. छत्तीस तास जागी असलेली आणि स्वतः कोणाचे तरी बोलणे खाऊन आलेली ती असते. यामुळे तिचे ओरडणे क्षम्य ठरत नाही. आपण ते सहन करायचे नाही. पण ते बदलायचे तर साचा बदलावा लागेल, आणि त्या कामात ती आपल्या बाजूला येऊ शकते.

आता तुम्ही म्हणाल, साचा दिल्लीत, परीक्षा नाशिकची, आपण पेण-रोह्याच्या बाया काय करणार? एक वाट उघडलेली आहे, ती सांगते. सप्टेंबर २०२० मध्ये नियम झाला, की एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम केले पाहिजे. याला जिल्हा निवासी कार्यक्रम म्हणतात. हे तीन महिने समाधानकारक पुरे केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. २०२३ च्या नियमांनी त्यासाठी लागणारी खाटांची अट शंभरावरून पन्नासावर आणली. म्हणजे जिल्ह्याच्या गावाखेरीज इतर सरकारी रुग्णालयांचेही दार किलकिले झाले.

'समाधानकारक' हा शब्द लक्षात ठेवा. कोणाचे समाधान? कागदावर ते समन्वयकाचे आणि तिथल्या वरिष्ठांचे. त्यात आपलेही समाधान मोजले जावे, ही मागणी आपण करू शकतो, आणि ती जिल्ह्यातच करता येते.

आपल्या गटांनी मिळून पाच प्रश्नांची एक चिठ्ठी केली आहे. डॉक्टरने आपले नाव सांगितले का? तपासण्याआधी विचारले का? पडदा ओढला का, आणि तपासणारा पुरुष असेल तर सोबत बाई होती का? काय झाले आहे ते तुम्हाला समजेल असे सांगितले का? कोणी ओरडले, हात उगारला किंवा जातीवरून बोलले का? ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आशाताईंनी रुग्णालयाबाहेर, घरी गेल्यावर विचारायचे. नाव लिहायचे नाही, कारण तिला पुन्हा त्याच दवाखान्यात जायचे असते. दर तीन महिन्यांनी या चिठ्ठ्यांची बेरीज करून ती रुग्ण कल्याण समितीपुढे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवायची. कोणी चांगले वागले तर तेही लिहायचे. चांगल्या डॉक्टरला कोणीतरी चांगले म्हणायला हवे, ते म्हणणारे सध्या कोणी नाही.

हे प्रश्न हवेतून काढलेले नाहीत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली आणि २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना ती लागू करायला सांगितले. माहिती, संमती, खासगीपणा, पुरुष डॉक्टर तपासताना बाई हजर असणे, हे सगळे त्या सनदेत आहे. आपण फक्त ते पाळले का एवढे विचारतो आहोत.

दुसरे काम शिकवण्याचे. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. बिहारहून, केरळहून आलेल्या मुलीला मराठी येत नाही, आणि मराठी येणाऱ्या पुण्याच्या मुलालाही 'अंगावरून जातंय' म्हणजे काय ते कळेलच असे नाही. मग आगरी आणि कातकरी बोलीचे काय? एमबीबीएसच्या आरंभी स्थानिक भाषेची थोडी तोंडओळख असते. पदव्युत्तरच्या त्या तीन सक्तीच्या अभ्यासक्रमांत भाषा नाही. तेव्हा नवा निवासी डॉक्टर आला की पहिल्याच आठवड्यात आशा, एएनएम आणि वाडीवरच्या दोन बाया त्याला भेटतील, अशी परवानगी आपण मागू. दुखण्याचे शब्द त्याला सांगू. वीटभट्टीवर गेलेली बाई सातव्या महिन्यात तपासणीला का येत नाही, तेही सांगू. तो परीक्षेसाठी शिकतो आहेच, थोडे आपल्याकडूनही शिकेल.

तिसरे, रुग्णालयात शिकायला येणाऱ्या मुलीची राहण्याची खोली, रात्रीचा दिवा, कडी असलेला संडास, लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती हे सगळे आहे का, तेही आपणच विचारायचे. तिला विचारता येत नाही, तिचे गुण अडकलेले असतात. आपले कोणाकडे गुण अडकलेले नाहीत.

चौथे, विद्यापीठाला आणि आयोगाला आपण एक पत्र पाठवत आहोत. मागण्या दोन. मूल्यमापनाच्या नमुन्यात सिस्टर आणि रुग्ण यांच्या मतासाठी जागा ठेवा. आणि अंतिम परीक्षेत, रुग्णाला तिचा आजार तिच्या भाषेत समजावून सांगणे याला गुण ठेवा. पत्राचा मसुदा मागच्या टेबलावर आहे. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या, पटले तरच सही करा, अंगठाही चालेल. पाच प्रश्नांच्या चिठ्ठ्याही तिथेच आहेत. प्रत्येक गावाने पंचवीस न्याव्यात आणि कोण कोणत्या वाडीवर जाणार ते उठण्याआधी ठरवावे.